कामगाराचे शेअर आणि अडीनडीची वेळ



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे, अशी रीत आहे. आमची शाळा कारखान्याच्या फाटकाशी आणि युनियनच्या कचेरीत झाली. तेव्हा पुस्तकी अर्थशास्त्राची अपेक्षा आमच्याकडून धरू नये. विषय मात्र आपल्या घरातला आहे. तळोजा, रसायनी, उरण इकडे कामाला जाणारी माणसे या नवीन पनवेलात पुष्कळ आहेत. पगार, बोनस, फंड हे शब्द त्यांच्या ओळखीचे. आता काहींच्या बाबतीत त्यांत कंपनीच्या शेअरची भर पडली आहे. पैशाची तंगी आली की हे शेअर विकावेत की ठेवावेत, हा प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतो.

प्रथम एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एक सभासद आमच्याकडे आले. मुलीची फी भरायची होती. "शेअर विकू का?" असे त्यांनी विचारले. आम्ही ठासून सांगितले, "विकू नका. मालकीतला तो आपला वाटा आहे." त्यांनी आमचा शब्द मानला आणि सावकाराकडून पैसे उचलले. पुढे भाव उतरला, व्याज मात्र चढत राहिले. अखेर शेअर विकावे लागलेच, तेही निम्म्या भावाने. त्यांनी आम्हांला दोष दिला नाही. पण त्यांच्या घराचा हिशेब न मांडता आम्ही तत्त्वाचा उपदेश केला, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

आता सर्वांना ठाऊक असलेले एक उदाहरण घेऊ. 2022 च्या मे महिन्यात आयुर्विमा महामंडळाचे शेअर बाजारात आले. कर्मचारी संघटनांचा या विक्रीला विरोध होता. तरी कर्मचाऱ्यांसाठी काही शेअर राखून ठेवले होते. जाहीर भाव 949 रुपये. 45 रुपयांची सवलत धरून कर्मचाऱ्याला तो 904 ला पडला. 17 मे रोजी व्यवहार सुरू झाले तेव्हा भाव त्याच्याही खाली होता. 2023 च्या मार्चअखेर तो 530 च्या आसपास आला आणि 2024 च्या फेब्रुवारीत हजारावर गेला. ज्याला त्या मार्चमध्ये दवाखान्याचे बिल भरायचे होते, तो बुडाला. ज्याला नव्हते, तो तरला. दोघांच्या अकलेत फरक नव्हता. फरक गरजेच्या तारखेत होता. बाजार आपल्या सोयीने चालत नाही, आणि मुलांची फी बाजाराच्या सोयीने थांबत नाही.

म्हणून थांबणाराच शहाणा, असेही समजू नका. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे एन्रॉनचे नाव कोकणात घरोघरी पोचले होते. 2000 साली त्या अमेरिकन कंपनीचा शेअर 90 डॉलरच्या घरात होता. 2 डिसेंबर 2001 ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या कित्येक कामगारांची निवृत्तीची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये होती. नोकरी आणि पुंजी एकाच वेळी गेली. आपल्याकडे 7 जानेवारी 2009 ला 'सत्यम'चा भाव एका दिवसात सुमारे 180 वरून 40 वर आला. पगार ज्या होडीत, त्याच होडीत सारी शिल्लक ठेवू नये, हा त्यातला धडा.

मग करावे काय? गरजेचा नेमका आकडा आधी कागदावर लिहावा. कामगारांच्या पतपेढीचे कर्ज किंवा फंडातील रक्कम मिळते का, ते पाहावे. तेथे दार बंद असेल आणि उरला मार्ग सावकाराचा असेल, तर शेअर खुशाल विकावेत. दरमहा शेकडा 3 म्हणजे वर्षाला 36. एवढ्या वाढीची हमी कोणताही शेअर देत नाही. विकावे तेही गरजेपुरतेच. योजनेत विक्रीला मुदतीची अट आहे का, हे आधी विचारावे. करही ध्यानात ठेवावा. 23 जुलै 2024 पासून, बाजारात नोंदलेला शेअर वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर 20 टक्के, आणि वर्षानंतर सव्वा लाखावरील नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. कारखानाच डळमळू लागला असेल, तर शेअर शेवटी नव्हे, आधी विकावेत. आणि सर्वांत चांगली विक्री ती, जी घरात तंगी नसताना, थोडी थोडी होते. त्या पैशातून चार-सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला राहावा.

शेवटी युनियनवाल्यांच्या मनातले सांगतो. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचे कामगार सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने सहकारी संस्थेमार्फत कारखाना चालवू लागले. ती मालकी एकत्र होती. एकेकट्याच्या खात्यातले पन्नास शेअर म्हणजे तशी मालकी नव्हे. ती बचत आहे, आणि बचत अडचणीला वापरली तर त्यात लाज नाही. पण दर जून महिन्यात फीसाठी शेअर विकावे लागत असतील, तर दोष विकणाऱ्याचा नाही. पगार अपुरा आहे. म्हणून वाटाघाटीत मालक पगारवाढीऐवजी शेअर पुढे करील, तेव्हा आमचे उत्तर एकच राहील: आधी पुरता पगार, मग शेअर. पुरता पगार असेल, तरच माणूस शेअर राखू शकतो.