रंग आणि नेम

मघापासून पडद्यामागे रंगून-सजून ताटकळलेल्या माझ्या बालमित्रांनो,

तुमचं कोळीनृत्य माझ्या भाषणानंतर आहे, हे मला संयोजकांनी दोनदा बजावलंय. त्यामुळे एकच गोष्ट सांगतो आणि खाली बसतो.

मघाशी फाटकातून आत आलो तेव्हा ताज्या रंगाचा वास आला. जिन्याच्या कठड्याला सहज हात लावला आणि हा बघा, तळहात अजून निळा आहे! मुख्याध्यापिका बाई, ओशाळू नका. पाहुणे येणार म्हटलं की रंगाचे डबे निघतात, ही रीत काही फक्त शाळांची नाही. शंभरेक वर्षांपूर्वी जगातलं सर्वांत बलाढ्य नौदल इंग्रजांचं होतं, तिथेही हेच चालायचं. आणि या रंगावरूनच तिथे एकदा दोन बड्या अधिकाऱ्यांचं चांगलंच वाजलं. त्यातला एक तोफांवरचा माणूस होता. मीही नौदलातलं आयुष्य तोफांवरच काढलं, म्हणून तो मला जवळचा.

त्याचं नाव पर्सी स्कॉट. जन्म 1853 चा. तुमच्या सातवी-आठवीच्या वयात तो नौदलात दाखल झाला. पुढे तोफांच्या शाळेत शिकला, तिथेच शिकवलंही. 1882 साली इंग्रजांनी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियावर गोळे डागले. गोळे हजारोंनी उडाले, पण किल्ल्यांवरच्या तोफा निकामी झाल्या मोजक्याच.

असं का व्हायचं? होडीत बसलेल्या प्रत्येकाला याचं उत्तर माहीत आहे. जहाज डोलतं. तोफ वर-खाली करायचं एक चाक असे. ते एकदा फिरवून ठेवायचं आणि डोलता डोलता निशाण समोर आलं की तोफ उडवायची. पण डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत जहाज पुढे डोललेलं असे. गोळा एकतर पाण्यात, नाहीतर आभाळात. शंभरातले तीसेक लागले तरी लोक खूश! दोष कोणाला द्यायचा, तर समुद्राला. समुद्र काही उलटून बोलत नाही.

1898 मध्ये स्कॉट भूमध्य समुद्रात ‘सिला’ नावाच्या जहाजाचा कप्तान होता. नेमबाजीच्या सरावात बहुतेकांचे गोळे नेहमीप्रमाणे वाया जात होते. एका गड्याचे मात्र लागत होते. समुद्र तोच, जहाज तेच, तोफही तशीच. आपण काय केलं असतं? ‘वा, काय नशीबवान!’ म्हणून टाळी वाजवली असती. स्कॉटने टाळी वाजवली नाही. तो त्या गड्याजवळ उभा राहिला आणि त्याच्या हाताकडे बघत बसला.

तेव्हा दिसलं, की त्याचा हात थांबतच नाही. जहाज डोलेल तसतसं तो ते चाक थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवत होता आणि निशाण नजरेतून सुटू देत नव्हता. आपण काही वेगळं करतोय, हे त्याचं त्यालाही कळलेलं नव्हतं.

पुढचं काम खरं मोठं. जे एकाच्या हातात होतं, ते सगळ्यांच्या हातात कसं यावं? स्कॉटने चाकाची दातेरी रचना बदलली, म्हणजे ते भराभर फिरेल. तोफ मागे उसळते तेव्हा दुर्बिणीने डोळा फुटू नये, अशी तिची जागा बदलली. आणि सरावासाठी एक साधं यंत्र केलं. तोफेच्या तोंडाशी एक फळी, तिच्यावर इवलंसं निशाण. ते निशाण जहाजाच्या डोलण्यासारखं वर-खाली होत राहायचं. गोलंदाजाने चाक फिरवत त्याचा पाठलाग करायचा आणि घोडा दाबला की गोळ्याऐवजी पेन्सिलीचं एक टिंब उमटायचं. दारूगोळ्याचा खर्च नाही, बंदराबाहेर जायला नको आणि आपण कुठे चुकलो ते कागदावर लगेच समोर!

1899 च्या स्पर्धेत ‘सिला’ने 70 गोळे उडवले, त्यांतले 56 लागले. शंभरात ऐंशी! अनेकांचा विश्वास बसेना. मग स्कॉटची बदली ‘टेरिबल’वर झाली. तोफा वेगळ्या, माणसं वेगळी. तिथेही त्याने आकडा ऐंशीच्या जवळ नेला, तेव्हा नशिबाची भाषा बंद झाली. अमेरिकी नौदलाच्या विल्यम सिम्स या तरुण अधिकाऱ्याने ही पद्धत चीनच्या किनाऱ्यावर पाहिली. वरिष्ठ ऐकेनात, तेव्हा त्याने थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं आणि ती आपल्या देशात नेली.

या तोफा कोणासाठी होत्या, हेही सांगायला हवं. त्या साम्राज्याच्या होत्या. दक्षिण आफ्रिकेत बोअरांवर त्या चालल्या, चीनमध्येही चालल्या. त्या साम्राज्याला सलाम करायला मी तुम्हाला सांगत नाही. त्या माणसाची बघण्याची रीत तेवढी घ्या.

आता रंगाकडे येतो. 1907 साल. जर्मनीचा सम्राट येणार, म्हणून ताफ्याचे प्रमुख लॉर्ड बेरेसफर्ड यांनी जहाजं रंगवायचा हुकूम सोडला. स्कॉट तेव्हा त्यांच्या हाताखाली अ‍ॅडमिरल होता. त्याच्या तुकडीतल्या ‘रॉक्सबर्ग’ जहाजाने विचारलं, ‘आमचा तोफांचा सराव चाललाय, तो पुरा करू का?’ स्कॉटने संदेश धाडला, त्याचा मथितार्थ असा: सध्या तोफांपेक्षा रंगालाच मागणी दिसते, तेव्हा या आणि वेळेत नटून घ्या! व्हायचं तेच झालं. बेरेसफर्डनी त्याला बोलावून झाडलं आणि त्याचा निषेध सगळ्या ताफ्याला कळवला. स्कॉटची जीभ तिखट होती आणि तिने त्याला शत्रू पुष्कळ मिळवून दिले. मुलांनो, ती जीभ घेऊ नका. वरिष्ठांना टोमणा मारून तोफ सुधारत नाही.

पण बघायची सवय त्याची शेवटपर्यंत सुटली नाही. 1914 च्या जूनमध्ये त्याने ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं: पाणबुडी आली, मोठ्या युद्धनौकांचे दिवस भरले. लोक हसले. त्याच सप्टेंबरमध्ये एका जर्मन पाणबुडीने दीड तासाच्या आत तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या, चौदाशेहून अधिक माणसं गेली. मोठ्या युद्धनौका लगेच संपल्या नाहीत, तिथे त्याचा अंदाज जरा घाईचा ठरला. पण धोका त्याने ओळखला होता.

आता थोड्याच वेळात बक्षीस समारंभ होईल. टाळ्या वाजवा, जोरात वाजवा. पण उद्या वर्गात गेलात की आणखी एक करा. ज्याचं गणित सुटतं, जिचं अक्षर मोत्यासारखं आहे, जिची थाळीफेक लांब जाते, त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि त्यांचा हात बघा. विचारा, ‘तू नेमकं काय करतेस?’ तिला सांगता येणार नाही कदाचित. म्हणून तर बघायचं. आणि बक्षीस घेणाऱ्यांनो, तुम्ही हात लपवू नका. चुकलेलं गणित खोडरबराने पुसूही नका; ते तुमचं पेन्सिलीचं टिंब आहे, नेम कुठे ढळला ते तेच सांगेल.

शिक्षकांना एकच विनंती. पुढच्या वर्षी पाहुणे येतील तेव्हा भिंतीला रंग नसला तरी चालेल. त्यांना थेट वर्गात घेऊन जा आणि एखादं अवघड गणित सोडवणारी मुलं दाखवा. माझा हात निळा झाला त्याचं मला काही वाटत नाही, रॉकेलने निघेल.

कोळीनृत्यवाल्यांनो, या आता.