तो कुठे जाणार ते कळत होते

(अंबरपेठ येथे मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या ठिकाणी दरवर्षी कीर्तन होते, नाट्यगीते होतात, मधुमेहावर डॉक्टरांचे व्याख्यान होते. यंदा फुटबॉलवर बोलायला आम्हाला उभे केले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या काही काकूंचे चेहरे आम्ही पाहिले. फार वेळ घेणार नाही. आरतीची वेळ आम्हालाही ठाऊक आहे.

आम्ही म्हणजे चार निवृत्त माणसे. रोज सकाळी अंबरपेठच्या मैदानावर कॉलेजातल्या मुलांचा फुटबॉल घेतो. मराठी, तेलुगू, उर्दू, सगळ्या घरांतली मुले आहेत. आज सांगायची आहे ती आमच्या हातून झालेली चूक. पण त्याआधी एका हैदराबादकराविषयी बोलले पाहिजे.

सय्यद अब्दुल रहीम. ‘मैदान’ चित्रपटामुळे आता नाव घरोघर पोचले. पेशाने शिक्षक. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईची रोव्हर्स स्पर्धा जिंकली. रहीम साहेबांचे मोठेपण करंडकांच्या संख्येपेक्षा माणूस ओळखण्यात होते, असे आम्हाला वाटते.

१९६२ चे जकार्ताचे आशियाई खेळ घ्या. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २–० असे हरवले. पुढे थायलंडविरुद्ध जर्नेल सिंग यांच्या डोक्याला मार लागला, टाके पडले. बचावाचा हा सगळ्यात भक्कम खांब. दुसरा कोणी असता तर त्यांना बाकावर बसवले असते, नाहीतर तशाच अवस्थेत मागे उभे केले असते. रहीम साहेबांनी त्यांना पुढे, आघाडीला नेले. मागची बाजू अरुण घोष आणि त्यांच्या साथीदारांनी सांभाळली. मधल्या फळीत गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रान्को होते. अंतिम सामन्यात गोलमध्ये आपल्या हैदराबादचेच उंचेपुरे पीटर थंगराज उभे राहिले, म्हणजे वरून येणाऱ्या चेंडूंची काळजी मिटली. समोर पुन्हा तोच कोरिया, आणि प्रेक्षक आपल्या विरोधात. आपण २–१ असे जिंकलो. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा टाके पडलेल्या जर्नेलचा! पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, रहीम साहेब कर्करोगाने गेले.

आता आमची गोष्ट.

पास अडवण्याच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. एक, माणूस धरायचा: समोरचा जिथे जाईल तिथे त्याच्या सावलीसारखे जायचे. दुसरी, जागा राखायची: आपला पट्टा सोडायचा नाही, त्यात जो येईल तो आपला. पहिलीला पाय लागतात, दुसरीला डोळे. आम्ही मोबाईलवर परदेशी सामने पाहून ठरवून टाकले की आपला संघ माणूस धरणार. एकजात सगळे.

त्यात एक मुलगा होता, पायाने जरा जड. एका सामन्यात त्याच्या बाजूने तीन गोल झाले. मध्यंतरात आम्ही त्याला सगळ्यांसमोर बोललो. नको तेवढे बोललो. दुसऱ्या दिवसापासून तो यायचा थांबला.

तीन आठवड्यांनी आम्ही त्याच्या घरी गेलो. आईने चहा दिला, तो मात्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘काका, तो कुठे जाणार ते मला कळत होतं. पण तुम्ही त्याच्या मागे धावायला सांगितलं होतं.’’

घरी परतताना गोलनाक्यापर्यंत आमच्यापैकी कोणी बोलले नाही.

खरे तर हे आम्हाला कबड्डीवरून कळायला हवे होते. ज्याची घोट्याची पकड पक्की, त्याला कोपऱ्यात ठेवतात. ज्याच्या अंगात ताकद, तो मधे राहून धडक देतो. तिथे सगळ्यांना एकच पकड शिकवा असे कोणी म्हणत नाही. फुटबॉल म्हटले की आम्ही का बिचकलो, कोण जाणे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची नातवंडे अमेरिकेत शिकतात. तिथला कॉलेजचा फुटबॉल निराळाच, चेंडू हातात घेऊन पळण्याचा. पण पास अडवण्याचा प्रश्न हाच. दरवर्षी जुनी मुले पदवी घेऊन जातात, नवी येतात. म्हणून जाणता प्रशिक्षक आधी कोण आले ते बघतो. चपळ मुले असली तर माणूस धरायला लावतो, नसली तर जागा राखायला. आमच्याकडेही मुले दर जूनला बदलतात, आणि आम्ही मात्र तोच कागद घेऊन उभे!

तो मुलगा परत आला. आता त्याच्याकडे धरायला कोणीच नसतो. दोन चपळ पोरे पुढे माणसे धरतात, हा त्यांच्या मागे उभा राहून मराठी-तेलुगू-दखनीच्या खिचडीत ओरडत असतो, ‘डावीकडे’, ‘वेनक्की’, ‘छोड उसको’. पहिल्या सामन्यात आम्ही जिंकलो वगैरे नाही, १–१ झाला. पण त्याने चार पास मधेच तोडले, आणि त्यातल्या तिनांसाठी त्याला धावावेही लागले नाही.

सध्या आमच्याकडे गोलरक्षक नाही. गेल्या वर्षीचा नोकरीसाठी पुण्याला गेला. कोणाच्या घरी दारातून वाकून आत येणारा मुलगा असेल, तर सकाळी सहाला मैदानावर पाठवा. बूट नसले तरी चालतील. आमच्याकडे दोन जोड आहेत, आठ आणि नऊ नंबरचे.