छत्तर मंझिलमधला समुद्र

लखनौचा आणि समुद्राचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर तुम्ही हसाल. गोमतीकाठच्या त्या शहरापासून किनारा शेकडो किलोमीटर दूर. पण नव्वदच्या दशकात गोव्यासारख्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी खडकांवरून काढलेल्या स्पंजांचे आणि शेवाळांचे अर्क थेट नवाबांच्या छत्तर मंझिलमध्ये तपासले जात होते. त्या महालात 1951 पासून केंद्रीय औषध संशोधन संस्था होती. आता ती लखनौतल्याच जानकीपुरमला गेली आहे. सागरविकास खात्यानं समुद्रातून औषधं शोधायचा राष्ट्रीय प्रकल्प काढला आणि त्याचा समन्वय लखनौकडे सोपवला. गोळा करणारे किनाऱ्यावरचे, जंतूंवर आणि उंदरांवर चाचण्या घेणारे लखनौचे. मला ही वाटणी शहाणपणाची वाटते.

अशा कामावर तज्ज्ञांच्या समित्या असतात. लखनौच्या या संस्थेसारख्या सीएसआयआरच्या, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, प्रयोगशाळांना बाहेरच्या जाणकारांची संशोधन परिषद असते, पैसे देणाऱ्या खात्याची देखरेख समिती वेगळी. चहा घेऊन कागदावर सही करणारे सदस्यही असतात म्हणा, पण खरा सल्लागार नकोसे प्रश्न विचारतो. अर्क गुणकारी ठरला, ठीक; पण माल आणणार कुठून? ट्रॅबेक्टेडिन हे कर्करोगावरचं औषध एका समुद्री जीवात सापडलं, तेव्हा एक ग्रॅम मिळवायला जवळजवळ टनभर जीव लागत. शेवटी एका जीवाणूपासून मिळणाऱ्या रसायनातून ते बनवायची वाट काढावी लागली. हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघाला, तर पुढची कित्येक वर्षं वाचतात.

जाणकारांच्या सल्ल्यातून आणि पुढाकारातून काय उभं राहतं, तेही पाहा. साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. भारताचा सहभाग समुद्रशास्त्रज्ञ डॉ. एन. के. पणिक्कर यांच्यासारख्यांनी सांभाळला आणि त्यातूनच 1966 साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली, जी पुढे गोव्यात स्थिरावली. पणिक्कर तिचे पहिले संचालक.

लखनौच्या प्रकल्पातले काही अर्क, विशेषतः मधुमेहावरचे, बरेच पुढे सरकले. औषधाच्या दुकानात मात्र त्यातलं काही आलेलं नाही. यात शास्त्रज्ञांचा दोष नाही. औषधाला वीस वर्षंही लागतात. माझी तक्रार वेगळी आहे. असं काम कुठल्या टप्प्यावर, कुणाच्या सल्ल्यानं पुढे नेलं किंवा थांबवलं, हे ज्यांच्या करातून पैसा जातो त्यांना सहज कळत नाही. आणि किनाऱ्याचे निर्णय होतात तेव्हा त्या टेबलाशी कोळी किंवा गाबीत मच्छीमार क्वचितच दिसतो.

2021 साली केंद्रानं खोल समुद्र मोहिमेला 4,077 कोटी रुपये मंजूर केले. आकडा डोळे दिपवणारा आहे. तेव्हा या मोहिमेच्या सल्लागार समितीत कोण आहे आणि तिनं काय सुचवलं, हे जरूर विचारा. केंद्र सरकारकडे माहिती अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात.