प्रश्नावलीचे राज्य आणि गोडादऱ्याच्या वह्या



सुरतेत मराठी मेळावा भरला की अध्यक्षाने मायबोलीची थोरवी गावी आणि शाल-श्रीफळ घेऊन खाली उतरावे, हा प्रघात यंदा मोडणे भाग आहे. कारण ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाल्यापासून थोरवीची भाषणे उदंड झाली, पण सुरतेच्याच गोडादऱ्यातील चौथीच्या मुलाची वही उघडून तो काय लिहितो आणि तसे का लिहितो, हे पाहण्याची सवड त्या वक्त्यांपैकी कोणालाही झाली नाही. बी.एड.च्या वर्गातून प्रथमच संशोधनाकडे वळणारे छात्राध्यापक आज या सभेत बसले आहेत, आणि हे भाषण त्यांच्यासाठी आहे. त्यांच्या अभ्यासाचा विषय द्वितीय भाषेतील साक्षरता, म्हणजे घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेत होणारा वाचन-लेखनाचा सारा व्यवहार, हा असून त्यासाठी गोडादऱ्याइतके समृद्ध क्षेत्र शोधूनही सापडणे कठीण आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेली कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली आणि गोडादरा या पट्ट्यात लूमच्या आणि साडीच्या कामावर स्थिरावली. यांतील कित्येक घरांत बोलली जाते ती अहिराणी, महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत भेटते ती पुस्तकी मराठी, गल्लीत हिंदी, आणि २०२३ च्या राज्य कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत सर्वच शाळांत सक्तीचा झालेला गुजराती विषय. त्या कायद्याविषयी येथे तक्रार नाही, कारण ज्या राज्यात राहायचे त्या राज्याची भाषा उत्तम आलीच पाहिजे. परंतु अहिराणी घरातील मुलाची द्वितीय भाषा गुजरातीपासून नव्हे, तर मराठीपासूनच सुरू होते, ही गोष्ट मान्य करायला आपल्यातील काही मंडळींची जीभ रेटत नाही. व्यासपीठावरून अहिराणीला ‘बिघडलेली मराठी’ म्हणायचे आणि लग्नसराईत तिच्याच गाण्यांवर नाचायचे, हा ज्यांचा शिरस्ता आहे, त्यांनी भाषासंवर्धनाचे ठराव मांडू नयेत.

आता मुख्य गाऱ्हाणे. छात्राध्यापकाने विषय निवडला रे निवडला की त्याच्या हाती छापील प्रश्नावली ठेवली जाते: ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच पर्याय, प्रत्येकापुढे खुणेचा चौकोन. ही मापनश्रेणी लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये लोकांची मते आणि वृत्ती मोजण्यासाठी मांडली. मुलाच्या वाचन-लेखनाची घडण उलगडण्यासाठी ती कधीच योजलेली नव्हती. तरीही ‘गुजराती शिकणे मला आवडते’ या विधानापुढे नऊ वर्षांच्या मुलाकडून खूण करून घ्यायची, शेकडेवारी काढायची, रंगीत स्तंभालेख जोडायचा आणि सोनेरी अक्षरांची बांधणी करून प्रबंध कपाटात ठेवायचा, हे वर्षानुवर्षे चालले आहे. या एका कागदाने सुरतेतील मराठी मुलांचे जेवढे नुकसान केले, तेवढे कोणत्याही सरकारी परिपत्रकाने केले नसेल. शिक्षकाचे डोळे मुलाच्या लिहिण्यावरून त्यानेच काढले आणि खुणेच्या चौकोनावर खिळवले. लिंबायत-उधन्यातील जे शिक्षक दुपारच्या सुटीत मुलांच्या शेजारी बसून वाचून घेतात, त्यांना या आरोपातून अर्थातच वगळले पाहिजे.

वही काय सांगते, ते पाहावे. गुजरातीत ‘उं’कारान्त शब्दाचा उकार ऱ्हस्व लिहितात, म्हणून ‘मारुं’, ‘सारुं’. मराठी माध्यमातील मूल तेथे हटकून दीर्घ उकार देते, आणि लाल शाईची फुली पडते. पण शब्दाच्या अंती येणारे इकार-उकार दीर्घ लिहावेत हा नियम त्याला मराठीच्या तासाला शिकवलेला असतो, आणि १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांत तो आहेच. म्हणजे मूल चुकलेले नसते. त्याने एका भाषेचा नियम दुसऱ्या भाषेत इमानाने पाळलेला असतो. तेच मूल गुजराती अक्षरांवर शिरोरेघ ओढते, तर वाचताना गुजराती पाचाचा आकडा आणि ‘प’ यांत अडते, कारण त्या लिपीत दोहोंचे रूप जवळजवळ एकच आहे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेले भाषिक आंतरावलंबनाचे तत्त्व, म्हणजे पहिल्या भाषेत कमावलेली वाचन-लेखनाची समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते हा सिद्धान्त, या फुल्यांखाली उघडा दिसतो. आणि ज्या जोडणीसाठी, म्हणजे शुद्धलेखनासाठी, ही फुली पडते, ती निश्चित करणारा गुजरात विद्यापीठाचा १९२९ चा जोडणीकोश घडवणाऱ्यांत साताऱ्यात जन्मलेले, मराठी मातृभाषेचे काका कालेलकर होते, हे छात्राध्यापकांना कोणीतरी सांगायला हवे होते.

प्रस्तुत वक्त्याच्या घरी लूम-कामगार वडिलांच्या जोडीला आई साड्यांना लेस आणि टिकल्या लावीत असे. व्यापाऱ्याचा माणूस गठ्ठा टाकून जाई, आणि तिच्या हिशेबाच्या वहीत साड्यांचे आकडे गुजराती, शेजारणींची नावे बाळबोध मराठीत आणि फाटक्या निघालेल्या साडीपुढे तिने स्वतः ठरवलेली एक तिरपी खूण असे. शिरगणतीच्या लेखी ती जेमतेम साक्षर होती. मात्र पैसे कापून घ्यायला आलेला माणूस त्या वहीपुढे निरुत्तर होऊन परत जात असे. पुढे प्रशिक्षणाच्या वर्षी तिच्या त्या वहीवर अभ्यास करण्याची परवानगी मागितली असता, ‘यात संशोधन कुठे आहे’ असे उत्तर मिळाले, आणि ते शल्य आजतागायत गेलेले नाही.

त्या प्रश्नाला उत्तर आहे. साक्षरतेचे अभ्यासक ब्रायन स्ट्रीट यांनी १९७० च्या दशकात इराणमधील मशहदजवळच्या खेड्यांत पाहिले की मकतबात, म्हणजे पारंपरिक धार्मिक शाळेत, धर्मग्रंथ वाचायला शिकलेल्या माणसांनी तेच कौशल्य फळांच्या व्यापारातील हिशेब, पावत्या आणि नोंदी यांकडे वळवले होते. स्ट्रीट यांच्या १९८४ च्या ग्रंथात साक्षरता हे सर्वत्र सारखे असणारे तंत्र नसून माणसांच्या व्यवहारातून आणि सत्तासंबंधांतून घडणारी गोष्ट आहे, असे प्रतिपादन आहे, आणि म्हणूनच अभ्यासक आता साक्षरतांविषयी अनेकवचनात बोलतात. मशहदच्या फळबाजाराचा अभ्यास जगभर वाचला जातो; सुरतेच्या साडीबाजारासाठी घराघरांत लिहिल्या जाणाऱ्या वह्या मात्र रद्दीत जातात.

शाळेच्या वह्यांचीही तीच गत होते. उन्हाळ्याची सुटी लागते, कुटुंबे खानदेशाकडे निघतात आणि वर्षभराचे लेखन किलोच्या भावाने विकले जाते. म्हणून या सभेपुढे ठराव असा आहे की येत्या सुटीपूर्वी प्रत्येक छात्राध्यापकाने, पालकांच्या संमतीने आणि नावे झाकून, एकाच मुलाच्या मराठी आणि गुजराती अशा दोन्ही वह्या मिळवाव्यात, जमल्यास घरातील हिशेबाची वही पाहू देण्याची विनंती करावी, आणि त्यांच्या प्रती ठेवण्यासाठी हा मेळावा भरवणाऱ्या मंडळाने सत्काराच्या शाली ठेवण्याचे कपाट रिकामे करून द्यावे. कार्यकारिणीत या ठरावाला विरोध आहे, हे ठाऊक आहे. तो विरोध येथे, मुलांच्या शिक्षकांसमोर उभे राहून मांडला जावा.