अकराची घंटा

हंगेरीत क्योसेग नावाचं एक छोटं गाव आहे, ऑस्ट्रियाच्या सीमेला अगदी टेकलेलं. तिथे रोज सकाळी अकराला घंटा होते. 1532च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्नाकडे निघालेल्या सुलतान सुलेमानच्या अफाट फौजेला इथल्या किल्ल्यानं तीनेक आठवडे अडवून धरलं. किल्लेदार निकोला युरिशिच, जातीचा क्रोएशियन. आत हजारभरही शिपाई नव्हते. अखेर फौजेनं तळ हलवला, त्याची ही आठवण. चारशे वर्षं झाली म्हणून 1932मध्ये वेशीवर वीरांचा मनोराही बांधला.

हाच सुलेमान ‘मुहिब्बी’ या नावानं गझला लिहायचा. माझी त्याच्याशी ओळख कवी म्हणून. एका मित्रानं विचारलं, ‘मग ती घंटा ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, नाही?’ प्रश्न माझ्या नावाला होता, हे मला कळलं. म्हटलं, बाबा रे, गझल चांगली म्हणून तोफ चांगली ठरत नाही. वेढ्यात पोरंबाळं असतात.

याच गावात 1859चं घुमटाचं सिनेगॉग आहे. तिथल्या ज्यूंना 1944मध्ये ऑशविट्झला नेलं. त्यांच्यासाठी कुठली वेळ ठरवायची?

आणि एक वही आहे. 1740पासून दरवर्षी 24 एप्रिलला, संत जॉर्जच्या दिवशी, द्राक्षवेलींचे कोवळे फुटवे आणून त्यांची चित्रं तीत काढतात. आपला नाशिककडचा बागायतदार ती तासभर चाळत बसेल. मीही बसेन त्याच्या शेजारी.