उपासनेचे वस्त्र

मिस्सेपूर्वी कॅथलिक धर्मगुरू वस्त्रे परिधान करतो, तेव्हा प्रत्येक वस्त्राबरोबर एक लहानशी प्रार्थना म्हणण्याची जुनी रीत आहे. प्रथम पांढरा पायघोळ झगा, मग कमरेची दोरी, गळ्यात स्टोल नावाचा पट्टा आणि सर्वांवर कॅझुबल हे बाह्यवस्त्र. ही वस्त्रे आरंभापासूनच पवित्र होती काय? नव्हती. झगा हा रोमन लोकांचा नित्याचा अंगरखा, तर कॅझुबल हे थंडीपावसात पांघरण्याचे वस्त्र. पुढे लोकांचा पेहराव बदलला. वेदीपाशी मात्र जुनाच राहिला व कालांतराने त्याला पावित्र्य लाभले.

१९६९ साली भारतातील बिशपांच्या विनंतीवरून रोमने उपासनेतील बारा बदलांना संमती दिली. अंगरख्यासारखे एकच साधे वस्त्र व त्यावर अंगवस्त्र वापरण्याची, तसेच पादत्राणे काढून ठेवण्याची मुभा त्यांत होती. काही श्रद्धावंतांना हे हिंदू रीतीचे अनुकरण वाटले आणि त्यांनी विरोध केला. त्यांची अस्वस्थता खोटी नव्हती. बालपणापासून पाहिलेले उपासनेचे रूप सहजासहजी सुटत नाही. परंतु श्रोतेहो, रोमन माणसाचा अंगरखा जर वेदीपाशी पवित्र ठरला, तर भारतीय माणसाचे उपरणे तेथे परके कसे ठरावे?