उभी बाटली, आडवी बाटली

गावातलं परवानाधारक दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, हे गावकरी मतदानानं ठरवू शकतात. राज्य सरकारचा तसा आदेश 2008 सालचा आहे. आपल्या पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या महिलांनी 2016 मध्ये याच वाटेनं कौल दिला.

आधी गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन उत्पादन शुल्क विभागाकडे द्यायचं. सह्यांची पडताळणी झाली की गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही हे लगेच कळतं.

खरी कसोटी पुढे आहे. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत; यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी आली नाही, तिचं मत दुकानाच्याच पथ्यावर पडतं. पाथर्डी, शेवगावकडच्या कितीतरी बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. लेकी सासरी गेल्या, तरी नावं माहेरच्या यादीतच राहतात. म्हणून सह्यांच्याही आधी मतदारयादी तपासा, आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावात असतानाच मतदान व्हावं असा आग्रह धरा.

दुकानदाराचाही पोटापाण्याचा प्रश्न आहे. त्यानं आपली बाजू गावापुढे उघडपणे मांडावी, तो त्याचा हक्कच आहे. मात्र मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटं फिरली, तर तक्रार लगेच आणि लेखीच करा.